परीक्षेशिवाय ‘वेल्डिंग इन्स्पेक्टर’: माझे १ लाख ४० हजार कसे गेले

१७ वर्षं हातात वेल्डिंगचा होल्डर धरला आहे. सांगलीत आयटीआय, मग भोसरीत शेडमध्ये टाक्या आणि स्ट्रक्चर, मग पायपिंग, जामनगरचे शटडाउन, दोन वर्षं ओमान. सिक्स-जी, म्हणजे तिरक्या पाइपच्या वेल्डिंगची अवघड चाचणी, पास. आर्गनने रूट, म्हणजे जोडाचा तळ, आणि ७०१८ च्या रॉडने फिल आणि कॅप, म्हणजे मधला भर आणि वरचा थर. माझ्या जॉइंटला एक्स-रेत रिपेअर क्वचितच निघायचा. चाळिशी आली तशी मान धरायला लागली. पाइप रॅकखाली उताणं पडून, आरशात बघत रूट मारायचं आता जमेना. आमच्यातला माणूस जुना झाला की त्याला दोनच वाटा, सुपरवायझर नाही तर इन्स्पेक्टर. मला इन्स्पेक्टर व्हायचं होतं. कॅप बघून आत काय झालं असेल याचा अंदाज मला येतो, आणि हे काम मी मनापासून करीन याची खात्री तेव्हाही होती, आजही आहे.

अडचण एकच, इंग्रजीची. साइटवर डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्ड कसा करायचा ते लिहिलेला कागद, वाचतो, अँपिअर, व्होल्टेज, प्रीहीट सगळं कळतं. पण परीक्षा म्हटलं की पोटात गोळा यायचा. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ज्यांनी मला फसवलं त्यांना नेमकं हेच माहीत होतं. ज्याला काम येत नाही तो त्यांच्या कामाचा नाही, कारण तो मुलाखतीपर्यंतही पोचत नाही. त्यांना हवा असतो माझ्यासारखा, काम येणारा आणि कागदाला घाबरणारा.

ऑगस्ट २०२४ मध्ये फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, तुमचा अनुभव १५ वर्षांच्या वर आहे ना? मग तुम्हाला परीक्षेची गरज नाही. अनुभवावर थेट सर्टिफिकेट मिळतं.” माझा नंबर कुठून मिळाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. नोकरीसाठी जिथे तिथे बायोडाटा टाकलेला होता.

ऑफिस पिंपरीत, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर विमानासमोर उभ्या असलेल्या पोरांचे फोटो, कोट घातलेला एक माणूस, टेबलावर चकचकीत फाइल. त्याने पॅकेज सांगितलं. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं सीडब्ल्यूआय, म्हणजे वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट, सोबत एनडीटी, म्हणजे जोड न तोडता तपासण्याचं, लेव्हल टू पाच पद्धतींत, आणि गल्फचा व्हिसा. सगळं मिळून १ लाख ४० हजार, क्लास सहा दिवसांचा. २० हजार तिथेच यूपीआयने दिले. पैसे गेले ते एका बाईच्या खात्यात, संस्थेच्या नावावर नाही. विचारलं तर “मॅडम अकाउंट्स बघतात” म्हणाले. उरलेल्या रकमेसाठी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. तिने एकदाच विचारलं, “पावती देणार आहेत का?” मी हो म्हणालो. रोख दिली, पावती दिली नाही, आणि मीही धरून बसलो नाही.

सहा दिवसांचा हिशोब मला तेव्हाच घालता आला असता. एसएनटी-टीसी-१ए या एनडीटीच्या नियमावलीप्रमाणे अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासायच्या पद्धतीत, लेव्हल टूपर्यंत जायला लेव्हल वनचे ४० आणि टूचे ४० असे ८० तास शिक्षण धरलं आहे. रोज आठ तास बसलं तरी सहा दिवसांत ४८ तास होतात, ते या एकाच पद्धतीला पुरत नाहीत, इथे पाच होत्या. शिवाय या नियमावलीत लेव्हल टूची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही कंपनी सोडलीत की ते प्रमाणपत्रही तिथेच संपतं. कोणी “आयुष्यभर चालेल” म्हणत लेव्हल टू विकत असेल तर तिथून उठून या.

क्लासमध्ये आम्ही ११ जण होतो. मास्तर इंग्रजी झेरॉक्स वाचून दाखवायचा. सहा दिवसांत त्याने एकदाही जोड मोजायचा फिलेट गेज हातात घेतला नाही, चिरा दाखवणारा डीपीचा स्प्रे उडवला नाही. मी एकदा विचारलं, अंडरकटची, म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेल्या खाचेची, खोली ब्रिज-कॅम गेजने कशी घ्यायची ते दाखवा. म्हणाला, “ते साइटवर शिकाल.” शेवटच्या दिवशी परीक्षा म्हणून ५० प्रश्नांचा कागद दिला आणि उत्तरं फळ्यावर लिहिली. खरं सांगतो, मला त्या वेळी बरं वाटलं. १७ वर्षं मान मोडून काम केलंय, आता कोणी तरी सोपं करून देतंय असं वाटलं. त्या दोन तासांचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आठवड्यात सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली सही, नंबर, आणि पाकिटात ठेवायचं कार्ड. मुदतीच्या जागी ‘लाइफटाइम’ छापलेलं. खऱ्या सीडब्ल्यूआयची मुदत तीन वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय या संस्थेकडून येणाऱ्या सीस्विप या इन्स्पेक्टरच्या सर्टिफिकेटची पाच वर्षांची. वेल्डिंग इन्स्पेक्टरचं आजीवन सर्टिफिकेट मी त्यानंतर कुठेच पाहिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये अंधेरीत एका हॉटेलात मुलाखत होती, कतारच्या कामासाठी. समोर कंपनीचे एक वयस्कर इन्स्पेक्टर बसले होते. त्यांनी काही न विचारता सहा इंची पाइपचा वेल्ड केलेला तुकडा, टॉर्च आणि गेज पुढे सरकवला. मी टॉर्च आडवा धरला, कारण सरळ उजेडात अंडरकट लपतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. घड्याळाच्या चारच्या जागी अंडरकट होता, एक मिलिमीटरच्या थोडा वर. साताच्या जागी वेल्ड थांबवून पुन्हा चालू केलेला जोड नीट मिळालेला नव्हता, तिथे सुईच्या टोकाएवढं एक छिद्र. कॅपची उंचीही मोजून सांगितली. ते मान हलवत होते. मला वाटलं, झालं काम.

मग त्यांनी माझं सर्टिफिकेट घेतलं, मोबाइल काढला आणि सोसायटीच्या वेबसाइटवर नंबर टाकला. काही निघालं नाही. पुन्हा टाकला. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्या जागी कोणाचंच नाव नव्हतं.

“तुम्हाला काम येतं,” ते हिंदीत म्हणाले, “मग हे कुठून आणलंत?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हे पुन्हा कुठे दाखवू नका. आज तुम्ही फसलेले आहात. खोटं आहे हे कळल्यावर दुसरीकडे दाखवलंत तर गुन्हा तुमच्यावर येईल. त्यांनी माझी निवड केली नाही, आणि ते बरोबरच होतं. माझ्या सहीवर एखादी लाइन प्रेशरला जाणार होती.

जाता जाता त्यांनी मला खरी वाट सांगितली, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली. सीडब्ल्यूआयसाठी पदवी लागत नाही. शिक्षण कमी असेल तर अनुभवाची वर्षं जास्त मागतात, एवढंच. आठवीपर्यंत शिकलेल्यालाही अर्ज करता येतो. म्हणजे मी आधीपासूनच पात्र होतो! परीक्षेचे तीन भाग असतात. एक वेल्डिंगच्या सिद्धांताचा. एक प्रात्यक्षिकाचा, त्यात वेल्डचे प्लास्टिकचे नमुने हातात देऊन गेजने मोजायला लावतात. तिसरा कोडच्या, म्हणजे वेल्डिंगच्या नियमांच्या, पुस्तकाचा, आणि त्यात पुस्तक उघडून बघायची मुभा असते. प्रत्येक भागात निदान ७२ टक्के लागतात. शिवाय नजरेची तपासणी करून डॉक्टरची सही लागते. माझी नजर त्या पिंपरीच्या ऑफिसात कोणी तपासलीच नव्हती. ज्याला बघण्याचाच पगार मिळणार, त्याचे डोळे बघायची त्यांना गरज वाटली नाही.

म्हणून सांगतो, नंबर दुसऱ्याला तपासायला लावू नका, स्वतः तपासा, आणि त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही, मूळ संस्थेच्या वेबसाइटवर. या धंद्यात खोट्या वेबसाइटही असतात. परीक्षेचं शुल्क आणि निकाल मूळ संस्थेशी जोडलेला हवा. क्लास घेणाराच पास करतो असं कोणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा. गल्फच्या नोकरीसाठी एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावी लागते. मला सांगितलेल्या पॅकेजमध्ये व्हिसाचा भाग किती, हे कधी कळलंच नाही.

मी परत गेलो तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. पोलिसांत अर्ज दिला. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, पावती? माझ्याकडे फक्त त्या २० हजारांचा यूपीआयचा पुरावा. सायबरच्या १९३० वर फोन केला तेव्हा तीन महिने झाले होते. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तरच रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता राहते. पाटल्या अजून बँकेतच आहेत. व्याज भरतो आहे.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की आता मी अभ्यासाला बसतो. मेहुण्याचा मुलगा डिप्लोमा करतो, तो इंग्रजी समजावतो, मी त्याला वेल्ड समजावतो. “काका, हे स्लॅग इन्क्लूजन म्हणजे नक्की काय हो?” असं त्याने विचारलं तेव्हा त्याला सरळ शेडमध्ये घेऊन गेलो आणि ग्राइंडरने जॉइंट उघडून दाखवला.

त्या ११ जणांपैकी चौघांनी आता मिळून तक्रार दिली आहे. बाकीचे सात जण सापडलेले नाहीत. त्यातला एक अहिल्यानगरकडचा (पूर्वीचं अहमदनगर), एक गुजरातमधल्या दहेजला कामाला होता. पिंपरीत दुसऱ्या मजल्यावर, ऑगस्ट २०२४ च्या बॅचला तुम्ही असाल, तर बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, त्यांचे व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, आणि सर्टिफिकेट फाडू नका. रागाने फाडावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण पोलिसांना मूळ कागदच लागतो.