आठ महिने फायबर: आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही

चवथीच्या तोंडावर फोंड्याजवळच्या घरी फायबर घेतलं, आता मे उजाडला. स्पीडची तक्रार नाही. यूट्यूब, बँक, पोरांचे क्लास, सगळं सुरळीत.

घोळ निघाला कॅमेऱ्यांवरून. केळीच्या घडांवर माकडं तुटून पडतात, म्हणून कुळागरात, म्हणजे बागायतीत, चार कॅमेरे बसवले. पणजीला ऑफिसात बसून थेट डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) उघडायचा बेत. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती राउटरने आतल्या यंत्राकडे धाडणं) करून तीन रात्री डोकं फोडलं, काही नाही. शेवटी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघितला: १००.७२ ने सुरू! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या नॅटसाठी (अनेक जोडण्या एका पत्त्यामागे ठेवणाऱ्या पत्तेबदलासाठी) राखलेला आहे. म्हणजे माझ्या राउटरच्या नॅटपुढे कंपनीचा आणखी एक नॅट, आणि एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. बाहेरून कोणी आलं तर कुणाच्या घरी पाठवायचं, हे त्या नॅटला कळणारच नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळात सुमारे ४३० कोटी. जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना संस्थेकडचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. कंपनी तरी काय करणार? पण जोडणी देताना सांगायला काय झालं होतं? सार्वजनिक पत्ता मागितला, तर म्हणे धंद्याचा प्लॅन घ्या.

डीव्हीआरचं क्लाउड अ‍ॅप चालतं, कारण तिथे डीव्हीआर स्वतःच बाहेर संपर्क साधतो. पण आपल्या अंगणाचं चित्र परक्या सर्व्हरच्या भरवशावर, ते मला रुचलं नाही.

बायकोच्या ऑफिसच्या सॉफ्टफोनची (इंटरनेटवरून फोन करायच्या अ‍ॅपची) आणखी वेगळी तऱ्हा. तिचं बोलणं पलीकडे जायचं, पलीकडचं हिला ऐकू यायचं नाही. एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) आपला पत्ता संदेशाच्या आतही लिहितं. नॅट पाकिटावरचा बदलतो, आतल्या पत्रात जुनाच राहतो. तो दुरुस्त करायला राउटरमध्ये एसआयपी एएलजी असतं, पण आमच्याकडे तेच घोटाळा करत होतं. ते बंद केलं, अ‍ॅपमध्ये स्टन सर्व्हर (आपला बाहेरून दिसणारा पत्ता सांगणारा) घातला, तेव्हा कुठे दोन्ही बाजूंनी आवाज आला.

या जोडणीवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, अफाट मोठी पद्धत) सुद्धा येतं, हे सहा महिन्यांनी लक्षात आलं! तिथे नॅटची भानगड नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करावी लागली. डीव्हीआर जुना, त्याला आयपीव्ही६ कळत नाही. म्हणून रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएन (घरापर्यंतचा सुरक्षित बोगदा) बसवलं आणि त्यातून डीव्हीआरपर्यंत पोचतो. ऑफिसचं वायफाय मात्र अजून आयपीव्ही४ वरच. त्यामुळे माकडं बघायची तर आधी वायफाय बंद, मग मोबाईल डेटा चालू.

पाचपैकी साडेतीन.