साधं प्लास्टर की फायबर? पावसाळ्यात मनगट मोडलं असेल तर

मनगटाचं हाड जागेवर बसलं, ऑपरेशन टळलं, की प्लास्टर रूममध्ये विचारतात: साधं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) की फायबर (फायबरग्लासचं)? हाडाला दोन्ही सारखीच. दोन-तीन आठवड्यांत तुटीभोवती मऊ भराव धरतो, मोठ्या माणसात सहा आठवड्यांच्या सुमारास तो बऱ्यापैकी कडक होतो. फरक पडतो प्लास्टर वागवणाऱ्याला.

पहिला आठवडा मात्र वादाचा नाहीच. सूज वाढत असते, म्हणून एका बाजूला प्लास्टरची पट्टी आणि वरून बँडेज, म्हणजे कच्चं प्लास्टर. ते साधंच बरं: हाताच्या वळणाला नीट बसतं आणि आवळलं तर बँडेज कापून लगेच सैल करता येतं. बोटं सुन्न किंवा निळसर पडली, किंवा दुसऱ्याने बोट सरळ करताच असह्य कळ आली, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठावी.

सूज उतरली की कच्चं प्लास्टर ढिलं होतं आणि आत हाड सरकू शकतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला एक्स-रे चुकवू नये. पक्कं, म्हणजे हाताभोवती पूर्ण गुंडाळलेलं प्लास्टर त्यानंतर. निवड खरी इथे.

साध्याची गोम अशी, की ते दहा मिनिटांत कडक होतं आणि सुकलं असं वाटतं. आतलं पाणी जायला दोन-तीन दिवस लागतात, जुलैच्या मुंबईत त्याहूनही जास्त. तेवढ्यात हात खुर्चीच्या दांडीवर टेकला की तिथे खड्डा पडतो, आणि तो आतून कातडीला टोचत राहतो. सुकल्यावरही सुटका नाही. लोकलच्या दारातले शिंतोडे आधी अंगठ्याच्या बेचक्यातली कड गाठतात. ती भिजून भुसभुशीत झाली की तळहाताकडची पकडच जाते, आणि प्लास्टर पुन्हा घालावं लागतं. स्वस्ताई तिथेच संपते. माझ्यापुरता निकाल या एका कटकटीनेच लागला.

फायबर महाग आहे, पण हलकं. अर्ध्या तासात पुरतं कडक होतं आणि एक्स-रेत हाड त्याच्याआडूनही स्वच्छ दिसतं. ‘पाण्याला घाबरत नाही’ हे मात्र अर्धंच खरं. बाहेरचं कवच घाबरत नाही, आतला कापूस घाबरतो. तो ओला राहिला की वास, खाज, मऊ पडलेली कातडी. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी कोपराजवळ टेपने बांधावी आणि हात वर धरावा; खाज सुटली तर पट्टी-सुई आत न घालता ड्रायरची गार हवा सोडावी. कडा खरखरीत असतात, ओढणीत अडकतात (गर्दीत शेजाऱ्याच्या दंडालाही प्रसाद मिळतो). कापताना करवतीचं पातं फायबरवर जास्त तापतं; चटका लागला तर लगेच सांगावं.

हिवाळा असेल, हात फारसा वापरात नसेल, तर साध्याला नाव ठेवायला जागा नाही. पावसाळ्यात रोज लोकल असेल, तर आधी कच्चं साधं आणि मग पक्कं फायबर, असा माझा कल. कोणतंही घाला, टेबलावरून उठण्यापूर्वी मूठ वळून पाहा. बोटं मुळापासून पूर्ण मिटत नसतील, तर तळहाताकडची कड तिथल्या तिथे मागे कापून घ्या.