छतावरचं कॅरिअर, बारा फुटी कयाक आणि सव्वा फूट शेपटी

कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांब अरुंद होडी, न्यायला ऑक्टोबरात वॅगनआरला छतावरचं कॅरिअर बसवलं, साडेनऊ हजार मोजून. आठ महिन्यांत बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला अकरा फेऱ्या झाल्या.

कॅरिअर मजबूत आहे, हे आधी सांगतो. घाटातल्या वळणांना इंचभर हललं नाही. ऐंशीच्या पुढे पट्टा घूंऽऽ करायचा, त्याला एक पीळ दिला की गप्प. एवढं लिहून पाच तारे देणार होतो. पण एप्रिलमध्ये जांबोटीच्या अलीकडे तपासणीत गाडी अडवली.

"सर, हिंदे होरगे बंदिदे," म्हणत साहेबांनी कयाकच्या शेपटीवर हात ठेवला. मागे बाहेर आली होती, खरंच. मी लाल फडकं दाखवलं. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं की तेवढं पुरतं. नाही पुरत! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३ सांगतो, माल बाजूनं गाडीच्या अंगाबाहेर नको, मागे गाडीच्या शेवटच्या टोकापलीकडे नको. फडक्याला सूट नाही. मोडलात तर कलम १९४(१ए), २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं: २० हजार दंड, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे दोन कॅरिअर आले असते की. साहेबांनी समज दिली आणि कयाक तिथंच उतरवायला लावली. मावशीचं घर जांबोटीत, म्हणून निभावलं. मावसभावाला बोलावून दोघांनी ती डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चालत अंगणात नेली.

त्या रात्री कॅरिअरला एक तारा द्यायच्या रागात होतो. सकाळी टेप काढला. गाडी ३६५५ मिलिमीटर, बारा फुटी कयाक ३६५८. फरक तीन मिलिमीटरचा! पण कॅरिअरचे बार छतावर, आणि बॉनेटमुळे छत मागच्या बाजूला. बारवर मधोमध ठेवली की शेपटी सव्वा फूट मागे येणारच. पुढे सरकवली तर नाक बॉनेटवर झुलतं, पुढच्या हुकाला दोरी ताणूनही वारा उचलतो. घाटात असलं धाडस मी करणार नाही.

म्हणजे चूक कॅरिअरची नव्हती, लांबीची होती. दुकानदारानं गाडी कुठली ते विचारलं, कयाक किती फुटी ते विचारलं नाही. हा राग मात्र अजून गेलेला नाही.

मे महिन्यात बारा फुटी विकून दहा फुटी घेतली, सात हजारांना खड्डा पडला. ही वीतभर पुढे घेऊन बांधली की मागचं टोक डिकीच्या चार बोटं आत राहतं. निघण्याआधी टोकावरून ओळंबा सोडून बघतो, बंपरच्या आत पडला तरच किल्ली फिरवतो.

कॅरिअरला चार तारे. परवा त्याच जागी पुन्हा तपासणी चालू होती. मागे एक नजर टाकली आणि हातानंच जा म्हणाले.