मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या बाया', हाताने काढलेली कॉपी: आठ महिन्यांनंतर

आमच्या चित्रात घोड्यावरचा माणूस नाही. मुख्य तक्रार हीच. मे महिन्यापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

चित्र ज्याँ-फ्रांस्वा मिलेचं 'द ग्लीनर्स', 1857 चं. कापणी झालेल्या रानात तीन बाया वाकून सरवा, म्हणजे कापणीत मागे सांडलेली कणसं, वेचतायत. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, साधारण 83 बाय 111 सेंटिमीटर. हातानं कॉपी काढून देणाऱ्या एका स्टुडिओकडून मी 24 बाय 32 इंच मागवलं, म्हणजे प्रमाण तेच राहतं आणि कडा कापल्या जात नाहीत. कॅनव्हासवर तैलरंग, बिनफ्रेमचं, गुंडाळी करून कुरिअरनं, 14,500 रुपये, निम्मे आगाऊ. छापील प्रिंट दोन हजारांत मिळत होती. पण औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रं समोर उभं राहून बघितल्यापासून प्रिंटवर मन बसत नव्हतं. बँकेतल्या नोकरीत एवढे पैसे भिंतीसाठी मी कधी घातले नव्हते.

जानेवारीत गुंडाळी आली. आधी मोबाइलची टॉर्च आडवी धरून बघितलं. हल्ली कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात आणि हाताचं काम म्हणून विकतात. तसं असेल तर फटकाऱ्याचा उंचवटा एकीकडे आणि रंगाची कड भलतीकडे जाते, भिंगातून छपाईचे ठिपकेही दिसतात. इथे तसं नव्हतं. मधल्या बाईच्या लाल रुमालावर ब्रशच्या केसांच्या रेघा स्पष्ट होत्या, एका ठिकाणी एक केसच रंगात अडकून वाळलेला. तो मी काढला नाही. चेहरे मात्र बिघडवलेत. मिलेनं ते सावलीत ठेवलेत, नाकडोळे जवळजवळ दिसतच नाहीत. आमच्या मधल्या बाईला सरळ नाक आणि उजळ गाल मिळालाय. ते मी सोडून दिलं.

सांगलीतल्याच फ्रेमवाल्याकडून लाकडी चौकटीवर ताणून घेतलं आणि मधल्या खोलीत लावलं. तिथे उजेड कमी. एप्रिल संपेपर्यंत आभाळ पिवळट झालं, जुन्या तुपासारखं. मी स्टुडिओला फोनवर बरंच सुनावलं, हलका रंग वापरलात म्हणालो. ते शब्द मी परत घेतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, त्यांनी समजावलं. तैलरंगात जवसाचं तेल असतं. आपण चटणी करतो तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि अंधारात ठेवलं की पिवळं पडतं. उजेडात पिवळेपणा बराचसा उतरतो. चित्र पुढच्या खोलीत खिडकीशेजारी आणलं, थेट ऊन लागणार नाही असं. महिनाभरात आभाळ निवळलं.

पण ते पुढच्या खोलीत आलं आणि आईनं बघितलं. ती जत तालुक्यातल्या गावी राहते, मे महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. शाळूची काढणी झाली, कणसं खळ्यावर गेली, की लहानपणी दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची. चित्राबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. खुर्ची पुढे ओढून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आन् मालकाचा मानूस कुठं हाय? असं कोन येचू देतंय व्हय?"

मी मूळ चित्र मोबाइलवर मोठं करून बघितलं. उजवीकडे लांब, गंजी आणि गाडीच्या पलीकडे, घोड्यावर एक माणूस आहे. तो मुकादम. मजुरांवर लक्ष ठेवायचं, आणि वेचणाऱ्यांनी नेम मोडला नाही ना तेही बघायचं, हे त्याचं काम. चार महिने रोज चित्र बघूनही तो नाही हे मला कळलं नव्हतं. आमच्या कॉपीत तिथे नुसता पिवळा रंग फिरवलाय.

स्टुडिओचं म्हणणं, "साहेब, एवढा बारीक माणूस कुणाच्या लक्षात येतो?" आमच्या आकारात तो अंगठ्याच्या पेराएवढा झाला असता, हे खरं. पण पाठीमागे गाडीभर पेंढ्या, त्यावर राखण, आणि पुढे या तिघींच्या मुठीत सांडलेल्या चार काड्या, हेच तर ते चित्र आहे. 1857 च्या प्रदर्शनात टीकाकारांनी त्याला नावं ठेवली तीसुद्धा याचसाठी, गरिबी एवढी मोठी करून समोर मांडली म्हणून. राखणदार काढला की बाया आपल्याच रानात काम करतायत असं वाटतं. मी हजार रुपये परत मागितले. ते म्हणाले, चित्र पाठवा, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं. म्हणजे माझे सोळाशे आणखी. शेवटी पुढच्या ऑर्डरवर सातशे सूट देऊ केली. पुढची ऑर्डर मी देणार नाही. तुम्ही देणार असाल तर मूळ चित्राचा मोठा फोटो स्वतः पाठवा, त्यातला प्रत्येक माणूस आणि जनावर मोजून ऑर्डरमध्ये लिहून द्या, आणि उरलेले पैसे अर्धवट कामाचे फोटो बघितल्याशिवाय देऊ नका.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला, खालच्या कोपऱ्यात झोळ आला. याचा दोष स्टुडिओला देत नाही. दमट हवेत कॅनव्हास सैलावतोच, आणि आमच्या भिंतीला 2019 च्या पुरापासून ओल आहे. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हातानं एकेक ठोकल्या की ताण येतो. मागे बुचाचे चार तुकडे चिकटवले, आता भिंत आणि कॅनव्हास यात बोटभर हवा खेळते. फ्रेमवाल्यानं पाचरी घातल्या होत्या का, हे मात्र घेतानाच बघा.

घोडेस्वार शेवटी त्या शिक्षकांनी काढला. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायला आधी तयार नव्हते. मी दोनदा गेलो, आईचं बोलणं सांगितलं. गेल्या रविवारी घरी आले, बारीक ब्रशनं वीस मिनिटांत घोडा आणि वर माणूस उभा केला. पैसे घेतले नाहीत, तपकिरी रंगाची एक नळी तेवढी आणून दिली. रंग अजून हाताला लागतो. त्यामुळे वार्निश आता मार्चनंतर, तोवर धूळ फक्त मऊ ब्रशनं झाडायची, फडकं लावायचं नाही असं घरात सांगून ठेवलंय. आईला फोटो पाठवला. दिवाळीला आली की बघेल.