गावाकडच्या भटकंतीसाठी ८×४२ दुर्बीण: भरपूर वापरल्यानंतरचं मत

शेतात, माळावर, तळ्याकाठी फिरायची आवड आहे, तर पहिली वस्तू कुठली घेऊ असं कुणी विचारलं तर मी तंबू किंवा महागडे बूट सांगणार नाही, सरळ दुर्बीण सांगेन. आणि दुर्बिणीत ८×४२. माझ्याकडे आहे ती मधल्या दर्जाची, रूफ प्रिझमवाली, म्हणजे सरळ नळ्यांची. ही साइज बहुतेक सगळ्या कंपन्या बनवतात, त्यामुळे ब्रँडपेक्षा या साइजबद्दलच बोलतो.

आधी आकड्यांचं, कारण दुकानात याच्यावरूनच घोळ होतो. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर बसलाय असं वाटतं. ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमधे. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. भर दुपारी याचा काही फरक पडत नाही कारण तेव्हा आपली बाहुलीच दोनतीन मिलिमीटरची झालेली असते, पण पहाटे आणि दिवस मावळताना बाहुली मोठी होते, आणि गावाकडची खरी हालचाल तेव्हाच असते ना! खिशात मावणाऱ्या ८×२५ मधे हा झोत जेमतेम ३ चा, त्यामुळे झाडीतला पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो, तोच ८×४२ मधे रंगासकट दिसतो.

मग १०×४२ का नको, जास्त जवळ दिसेल की, असं सगळेच म्हणतात. दिसतं, पण हाताचा थरथराटही दहापट दिसतो. चढ चढून आलोय, धाप लागलीय, वर वारा सुटलाय, अशा वेळी १० ची दुर्बीण स्थिर धरणं खरंच अवघड जातं. दुसरं म्हणजे नजरेत मावणारा भाग कमी होतो, ८ मधे साधारण १००० मीटरवर १३०-१४० मीटरचा पट्टा दिसतो, १० मधे तो ११० च्या आसपास येतो. फांद्याफांद्यांतून उड्या मारणारं चिमुकलं पाखरू शोधताना हा फरक फार जाणवतो. विस्तीर्ण पाणथळ जागी लांबची बदकंच बघायची असतील तर १० घ्या, बाकी ८ च.

आता दिसतं काय ते. वेडा राघू आपण सगळ्यांनी तारेवर बसलेला बघितलेला असतो, हिरवा पक्षी म्हणून सोडून देतो. दुर्बीण लावली की डोळ्यातून गेलेली काळी रेघ दिसते, शेपटीच्या मधोमध निघालेली लांब बारीक पिसं दिसतात, आणि नशीब असेल तर त्याचं जेवण दिसतं. हवेत गिरकी घेऊन मधमाशी पकडतो, परत त्याच जागी येऊन बसतो आणि ती माशी फांदीवर आपटतो, घासतो, परत आपटतो, नांगीचं विष निघाल्यावरच गिळतो. साध्या डोळ्यांनी हे फक्त मान हलवल्यासारखं दिसतं. तळ्यावर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो तेव्हा त्याचं शरीर हलतं पण डोकं जागचं हलत नाही, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो.

फक्त पक्षीच नाहीत. ज्या दुर्बिणीचा क्लोज फोकस, म्हणजे सगळ्यात जवळून स्पष्ट दिसण्याचं अंतर, २ मीटरपर्यंत येतो तीच घ्या, हे मी आवर्जून सांगेन. दोन पावलांवरचं फुलपाखरू त्याला न उठवता बघता येतं, सोंड गुंडाळताना, उलगडताना. चतुराच्या पारदर्शक पंखावरच्या शिरांची जाळी आणि टोकाजवळचा तो छोटा गडद ठिपका सुद्धा स्पष्ट दिसतो.

आणि रात्र! गावाकडचं आकाश काळंभोर असतं त्याचा फायदा घ्या. कृत्तिका साध्या डोळ्यांना सहासात दिसतात, यातून डझनावारी दिसतात. चंद्र पौर्णिमेला बघू नका, अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडलेल्या असतात. भिंतीला टेकून किंवा आडवं पडून हात स्थिर केला तर गुरूचे चार मोठे चंद्र सुद्धा दिसतात, ग्रहाच्या दोन बाजूंना बारीक ठिपके, गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बीण लावून पाहिले तेच. कधी चारही दिसतात, कधी एखादा ग्रहाच्या आड असतो. २५ लाख प्रकाशवर्षं लांबची देवयानी दीर्घिका धुरकट लांबट डागासारखी दिसते. शनीची कडी मात्र दिसत नाहीत, त्यासाठी टेलिस्कोपच लागतो, दुकानदार काहीही सांगो. आणि सूर्याकडे कधीही, अगदी मावळताना सुद्धा, दुर्बिणीतून बघायचं नाही, डोळा कायमचा जातो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे, सोबत आलेला पट्टा बारीक, तासाभरात मान दुखायला लागते. खांद्यावरून येणारा हार्नेस वेगळा घ्याच, भार पाठीवर वाटला जातो आणि पळताना दुर्बीण छातीवर आपटत नाही. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, झुडपात अडकून पडतात. उजळ आकाशात घिरट्या घालणारी घार बघितली की तिच्या कडेला जांभळट रेघ येते, महागड्या ईडी काचेत ती बरीच कमी होते, पण त्यासाठी दुप्पट पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

घेताना बघायच्या गोष्टी अशा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे (सूर्याकडे नाही) करा, मागच्या भिंगात दोन उजळ गोल दिसतील, ते पूर्ण गोल असले पाहिजेत, कडा कापल्यासारखे चौकोनी दिसले तर आतलं प्रिझम हलकं आहे. बीएके-४ काच (प्रिझमची चांगल्या प्रतीची काच) आणि फेज कोटिंग (प्रिझमवरचा, चित्र जास्त स्पष्ट करणारा थर) असेल तर उत्तम. आत नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ असावी, म्हणजे थंड पहाटे आतून धुकं धरत नाही. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५-१६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि मागचे रबरी कप खाली करून चष्म्यासकट बघा. झूमवाल्या आणि १००x वगैरे लिहिलेल्या दुर्बिणींकडे वळूनही बघू नका, अंधारं आणि अरुंद दिसतं.

घरी आणल्यावर पहिलं काम डायॉप्टरचं, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवण्याचं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करा, मग डावा मिटून उजवीकडची रिंग फिरवा, ती खूण लक्षात ठेवा. बऱ्याच जणांना दुर्बिणीतून डोकं दुखतं ते हे न केल्यामुळे. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर हटवायची नाही, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, आपोआप सापडतो. घरटं दिसलं तर लांबूनच बघा, टिटवी ओरडायला लागली की समजा तुम्ही फार जवळ गेलात, मागे फिरा, आठपट दिसतंय ते त्याचसाठी.

काच शर्टाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मायक्रोफायबर. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

लहान मुलांसाठी घेत असाल तर थोडं थांबा. त्यांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, ८×४२ मिटवून मिटवून सुद्धा तेवढी जवळ येत नाही आणि त्यांना काळ्या सावल्याच दिसतात, मग ती कंटाळून ठेवून देतात. ६×३० सारखी हलकी बघा, आणि मुलाला सोबत नेऊन त्याच्या डोळ्यांना लावूनच घ्या, दोन गोलांचा एक गोल दिसला असं त्याने सांगितलं की ती त्याला चालेल.