गर्भनिरोधक हवंय, पण घरात कळायला नको: आशाताई, सरकारी सीपीआर रुग्णालय, खाजगी दवाखाना की मेडिकल?

स्वतः व्हीलचेअरवरून दिव्यांगांसाठी काम उभं करणाऱ्या नसीमादीदी हुरजूक यांच्या कोल्हापुरात व्हीलचेअरवरची बाई कुणाला नवलाची नाही. पण तीच बाई तांबीबद्दल (कॉपर-टी) विचारू लागली की समोरचा आधी तिच्यासोबत आलेल्या माणसाकडे बघतो. मोहल्ल्यातली बाई असेल तर सोबत सासू, जाऊ नाहीतर नात्यातलाच रिक्षावाला. म्हणून वाटेत किती जणांना कळणार, हे मी खर्चाच्या आधी बघते.

आशाताई घरी येते, ही मोठी सोय. निरोध, आणि माला-एन, छाया या गर्भनिरोधक गोळ्या तिच्याकडे मिळतात. पण ती त्याच गल्लीतली, आणि तिच्या वहीत नोंद जननक्षम जोडप्यांची. बिनलग्नाच्या मुलीनं मागायचं कसं? शिवाय पाकीट घरात ठेवावं लागतं. जिचं अंथरूण दुसरंच कुणी झटकतं, तिला उशीखालची जागाही स्वतःची नसते.

सीपीआरला केसपेपर, रांग, सगळं आलं. तरी माझा कल तिकडेच. अंतरा इंजेक्शन फुकट, तीन महिन्यांतून एकदा, घरात गोळी ना पाकीट. कार्ड मिळतं, ते मैत्रिणीकडे ठेवावं. अडचण वेगळीच आहे. अंतराने पाळी पुढेमागे होते, कधी थांबते. आणि ज्या घरात पाळीमुळे नमाज-रोजा सुटला की बायकांच्या लक्षात येतं, तिथे हा बदल लपत नाही. तांबी (३८०-ए) दहा वर्षं चालते, पण सुरुवातीला रक्तस्राव वाढू शकतो, आणि कपडे बदलायला दुसरी बाई लागत असेल तर तिला कळणारच. तपासणीच्या उंच टेबलावर चढवायला कोण, हेही आधी ठरवा.

डॉक्टरांना एवढं सांगाच: दिवसभर बसून असाल तर माला-एनसारख्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. अंतराने हाडं विरळ होऊ शकतात. फिट्सच्या काही औषधांनी गोळीचा परिणाम कमी होतो. कमरेखाली संवेदना नसेल तर तांबी सरकल्याचं जाणवणार नाही.

खाजगीत रांग नाही, पण पायऱ्या असतात, बिल असतं, आणि डॉक्टर बहुतेकदा घरच्यांचेच. जायचंच तर दुसऱ्या पेठेतले गाठा. मेडिकलमधली, संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती अडीनडीलाच.

बाई कर्णबधिर असेल तर दुभाषी म्हणून नणंदेला मुळीच नेऊ नका. लिहिता-वाचता येत असेल तर प्रश्न मोबाईलवर आधी लिहून ठेवावेत. नसेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी व्हिडिओ कॉलवर घ्यावा.

तांबी किंवा अंतरासाठी कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तिच्या मर्जीशिवाय नसबंदी करता येत नाही. घरचेच "ऑपरेशन करून टाकू" म्हणत असतील, तर तिला एकटीला आत घेऊन विचारा, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

घरी काय सांगायचं? दिव्यांग दाखल्याचं काम सीपीआरलाच असतं, आणि ते एका फेरीत उरकत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.