घरबसल्या पुण्याचं काम की उद्यमबागची फाउंड्री?

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली ओळखीतली मुलं हल्ली मला विचारतात: बेळगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं कॅडचं, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करायचं काम धरावं, की उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नचं (वाळूत साचा उठवायच्या नमुन्याचं) डिझाइन बघावं? मी आधी चार वर्षं पहिलं केलं, आता पाच वर्षं दुसरं करते आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगते.

पगाराचं लवकर उरकते. पुण्याची कंपनी जास्त देते. पीएफ, विमा, पगारवाढ सगळं कागदावर असतं. साडेतीनशे किलोमीटर लांब जाऊन खोली घ्यावी लागत नाही. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर बेलाशक तेच घ्या. ड्रॉइंग तपासायची शिस्तही मी तिथेच शिकले, ती आजही उपयोगी पडते.

पण त्या चार वर्षांत माझ्या ड्रॉइंगचं पुढे काय होतं, ते कधी कळलं नाही. शेरा यायचा, ‘ड्राफ्ट वाढवा’, म्हणजे भिंतीला उतार जास्त द्या. मी एक अंशाचे दोन करायची आणि फाइल परत पाठवायची. का वाढवायचा, ते विचारावं असं माणूसच नव्हतं. मीटिंगला आठ नावं, आठही कॅमेरे बंद. एका सहकाऱ्याचे वडील गेले, ते मला तीन आठवड्यांनी रजेच्या तक्त्यावरून समजलं. मधल्या काळात मी त्याला दोनदा फाइलची आठवण केली होती. ते अजून मनाला लागून आहे.

फाउंड्रीत पहिल्याच महिन्यात मोल्डिंगवाल्या मामांनी हाक मारली, “अक्का, हिकडं या जरा.” एका पंपाच्या केसिंगचा पॅटर्न होता. त्यांनी तो चारी बाजूंनी हलकेच ठोकला आणि सरळ वर उचलला. आतल्या कडेची वाळू त्याच्याबरोबर निघून आली. पुन्हा वाळू भरली, दाबली, उचलला. तीच कड, तिथेच तुटली. “भिंत लई उभी झालीया. वाळू सुटंना बघा.” एक अंश म्हणजे काय, ते मला त्या तुटक्या कडेत दिसलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आखडतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तेवढी वाढीव मापाची पट्टी हातात दिली ती आमच्या पॅटर्नमेकरनं. आता ड्रॉइंग पुढे जाण्याआधी मी मामांना दाखवते. मामांची भाषा कानडी, माझी मराठी, आणि दोघांच्या मधली एक तिसरी, ती आम्हाला पुरते. रोपलावणीला येळ्ळूरची माणसं रजेवर गेली की बाकीचे त्यांचं काम उचलतात. खंडेनवमीला मशिनला झेंडूच्या माळा पडतात, घरची मुलं येतात, आणि बाप काय करतो ते भट्टीपाशी उभं राहून बघतात. मामांच्या नातीला मी माझं ड्रॉइंग दाखवलं, मामांनी त्याचं झालेलं कास्टिंग.

इथे त्रासही आहे. धूळ, उष्णता, आवाज; मास्क रोज लावावाच लागतो. ऑर्डरी कमी झाल्या की ओव्हरटाइम जातो. लग्नापासून पगारापर्यंत सगळं विचारतात. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशेजारी उभं राहायचं असतं. मुलींनी स्वतंत्र स्वच्छतागृहाचं मुलाखतीतच विचारावं. मी विचारलं नव्हतं, पहिलं वर्ष फार जड गेलं.

पुण्याच्या कंपनीला एवढं विचारा: वर्षातून किती दिवस कारखान्यात बोलावता? तीन महिन्यांतून एक आठवडा म्हणाले, तर माझं निम्मं म्हणणं सोडून द्या. उद्यमबागेत मात्र होकार देण्याआधी ओतकामाच्या दिवशी जा. दुपारी डबे उघडेपर्यंत थांबा आणि तुमच्यासाठी कुणी सरकून जागा करतं का, ते बघा.